बर्नहार्ड पेटर्स होफेनहाइमचे प्रशिक्षक नव्हते

जर्मनीच्या पुरुष हॉकी संघाला २००२ आणि २००६ असे सलग दोन विश्वचषक जिंकून देणारे बर्नहार्ड पेटर्स पुढे होफेनहाइम या फुटबॉल क्लबचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्यांनीच क्लबला बुंडेसलिगात, म्हणजे जर्मन फुटबॉलच्या अव्वल साखळीत, नेले, असे आजही सांगितले जाते. ते खरे नाही. पेटर्स तेथे गेले ते क्रीडा आणि युवा विकासाचे संचालक म्हणून. सामन्यासाठी अकरा जण निवडणे, बदली खेळाडू उतरवणे ही कामे मुख्य प्रशिक्षक राल्फ रांगनिक यांची होती आणि २००८ ची बढतीही त्यांच्याच हाताखाली मिळाली. पेटर्स यांचे काम, माझ्या मते, याहून अवघड होते: हॉकीत कमावलेली शिस्त कुमार खेळाडूंच्या घडणीत उतरवणे. २०१४ मध्ये हॅम्बुर्ग या फुटबॉल क्लबनेही त्यांना संचालकपदच दिले.