पार्श्वभूमी : फ्यूजनसाठी माणसं कुठे घडली?

अणुऊर्जेच्या शांततामय वापरावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९५५ साली जिनिव्हात भरली. अध्यक्ष होते होमी भाभा. अणुसंमीलनातून, म्हणजे हलके अणू एकत्र जोडणाऱ्या फ्यूजनमधून, नियंत्रित ऊर्जा मिळवण्याचा मार्ग वीस वर्षांत सापडेल, असं भाकीत त्यांनी तिथे केलं. ते काही खरं ठरलं नाही. मात्र दोन वर्षांनी त्यांनी मुंबईत अणुऊर्जा खात्याचं ट्रेनिंग स्कूल सुरू केलं. ताजे पदवीधर निवडायचे, वर्षभर कसून शिकवायचं आणि थेट कामावर घ्यायचं, अशी पद्धत. देशातल्या अणुभट्ट्या उभ्या करणारे आणि चालवणारे कितीतरी अभियंते या शाळेतून आले.

ही शाळा मुख्यतः विखंडनाच्या, म्हणजे जड अणू फोडून ऊर्जा मिळवण्याच्या, गरजेतून घडली. फ्यूजनला तसं काही मिळायला आणखी पाव शतक जावं लागलं. वयाच्या अठराव्या वर्षी दिल्ली आयआयटीतून पीएचडी झालेले प्रेधिमन कृष्ण काव १९८२ मध्ये प्रिन्स्टनहून परतले आणि अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत प्लाझ्माच्या, म्हणजे फ्यूजनसाठी लागणाऱ्या अतितप्त विद्युतभारित वायूच्या, भौतिकीचा कार्यक्रम सुरू झाला. त्यातूनच १९८६ साली गांधीनगरजवळच्या भाट गावी प्लाझ्मा संशोधन संस्था उभी राहिली. तिथे ‘आदित्य’ हा टोकामॅक, म्हणजे प्लाझ्मा चुंबकांनी कोंडून ठेवणारं कड्याच्या आकाराचं यंत्र, देशातच आखून, बांधून १९८९ मध्ये कार्यान्वित झाला. तयार यंत्र विकत घेतलं असतं तर वेळ वाचला असता. पण निर्वात पात्र कसं जोडायचं, चुंबकाच्या वेटोळ्यांना काही मिलिसेकंदांत प्रचंड प्रवाह कसा पुरवायचा, प्लाझ्मा मोजायचा कसा, हे तिथल्या तरुणांनी मग शिकलं असतं का? मला तसं वाटत नाही. या क्षेत्रात यंत्र हीच शाळा असते, आणि आदित्यचं सर्वांत मोठं उत्पादन म्हणजे त्याच्याभोवती तयार झालेली माणसं.

पुढचं यंत्र ‘एसएसटी-१’ अतिवाहक, म्हणजे अतिशीत केल्यावर विद्युतरोध नाहीसा होणाऱ्या, चुंबकांचं. त्याने फार कठोर परीक्षा घेतली. द्रव हेलियमच्या तापमानाला खोलीत घट्ट वाटणारा जोड गळू लागतो, आणि वेटोळ्यांच्या सांध्यांत उरलेला किंचित विद्युतरोधही महागात पडतो. यंत्र उलगडून, चुंबक तपासून पुन्हा जुळवावं लागलं. पहिला प्लाझ्मा मिळाला २०१३ मध्ये. बाहेरून बघणाऱ्याला हा निव्वळ उशीर दिसला. आत मात्र गळती शोधणारे, अतिशीत यंत्रणा सांभाळणारे तंत्रज्ञ तयार होत होते, आणि असे लोक पाठ्यपुस्तकातून मिळत नाहीत.

दरम्यान २००५ च्या डिसेंबरात भारत आयटर या, अनेक देश मिळून फ्रान्समध्ये उभारत असलेल्या महाकाय टोकामॅकच्या, प्रकल्पात सहभागी झाला आणि गरजेचं स्वरूपच पालटलं. आता भौतिकशास्त्रज्ञांइतकेच वेल्डर, मापन करणारे, गुणवत्ता तपासणारे लागणार होते. आयटरला वेढणारं सुमारे ३,८५० टनांचं क्रायोस्टॅट, म्हणजे थंड चुंबकांना बाहेरच्या उष्णतेपासून वाचवणारं निर्वात भांडं, लार्सन अँड टुब्रोने हजिऱ्याच्या कारखान्यात तुकड्या-तुकड्यांनी बनवलं आणि फ्रान्समध्ये नेऊन ते तुकडे जोडले गेले. सुमारे तीस मीटर व्यासाचं हे भांडं, तरी मोजमापातली सूट मात्र अगदी थोडी. हे कौशल्य ज्या हातांत आहे, त्यांची गणना फ्यूजनच्या मनुष्यबळात आपण क्वचितच करतो, ही माझी मोठी तक्रार आहे.

खरी अडचण वेळापत्रकाची. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या सुधारित आराखड्यानुसार आयटरवरचं संशोधन २०३४ मध्ये सुरू होईल, आणि ड्युटेरियम-ट्रिटियमचे, म्हणजे हायड्रोजनच्या दोन जड रूपांचं खरं फ्यूजन इंधन वापरण्याचे, प्रयोग २०३९ मध्ये. २००६ साली पंचविसाव्या वर्षी रुजू झालेला अभियंता त्या वेळी अठ्ठावन्न वर्षांचा असेल. बांधणाऱ्यांनी कमावलेलं ज्ञान चालवणाऱ्यांपर्यंत पोचायचं, तर मधली पिढी कुठल्यातरी चालत्या यंत्रावर सतत शिकत राहायला हवी. २०१६ मध्ये नव्या रूपात सुरू झालेल्या ‘आदित्य-यू’चं महत्त्व मला म्हणूनच मोठं वाटतं.

ब्रिटनपुढेही हाच प्रश्न आहे. कल्हमचा ‘जेट’ टोकामॅक चाळीस वर्षांच्या कामानंतर डिसेंबर २०२३ मध्ये थांबला. मात्र तिथे प्रशिक्षणाची घडी आधीपासून बसवलेली आहे. संशोधकांबरोबर शिकाऊ तंत्रज्ञही घेतले जातात आणि ‘फॉस्टर’ नावाच्या सरकारी कार्यक्रमातून दोन हजारांहून अधिक लोक तयार करायचं ठरलं आहे. आपल्याकडे पीएचडीची वाट मळलेली आहे. आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींसाठी मात्र अशी ठळक वाट अजून आखायची आहे.