वर्षाला सहा कलेक्शन: अलेक्झांडर मॅक्वीन आणि प्रतिभेच्या ‘शापा’मागचे विज्ञान

लंडनमधील एका टॅक्सीचालकाचे सर्वांत धाकटे अपत्य असलेले फॅशन डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीन शाळा सोडून वयाच्या सोळाव्या वर्षी सॅव्हिल रो या शिंप्यांच्या प्रसिद्ध रस्त्यावर उमेदवारी करू लागले. पुढे सेंट्रल सेंट मार्टिन्स या कलामहाविद्यालयात १९९२ साली त्यांनी सादर केलेले कलेक्शन, म्हणजे एकत्र मांडलेला पोशाखांचा संच, फॅशन संपादिका इझाबेला ब्लो यांनी पाच हजार पौंडांना विकत घेतले आणि चारच वर्षांत पॅरिसच्या जिव्हान्शी या नामांकित फॅशनगृहाची सूत्रे त्यांच्या हाती आली. ११ फेब्रुवारी २०१० रोजी, आईच्या निधनानंतर नऊ दिवसांनी आणि तिच्या अंत्यविधीच्या आदल्या दिवशी, त्यांनी आपले जीवन संपवले. ते चाळीस वर्षांचे होते. चिंता आणि नैराश्य यांचा संमिश्र विकार त्यांना होता, हे मृत्यूच्या चौकशीत पुढे आले.

प्रतिभावंतांना मनोविकाराचा हा शाप असतोच, असे म्हणून अशा वेळी आपण मोकळे होतो. हा समज तपासून पाहता येतो, आणि तो तपासला गेलेलाही आहे. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी सुमारे बारा लाख मनोरुग्णांच्या आणि त्यांच्या नातलगांच्या नोंदी पाहून २०१३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी सर्जनशील व्यवसायांत कलावंतांबरोबर वैज्ञानिकांनाही धरले होते, हे विशेष. अशा व्यवसायांतील लोकांमध्ये मनोविकारांचे प्रमाण एकंदरीत जास्त आढळले नाही. अतिउत्साह आणि नैराश्य यांच्या लाटा आणणारा द्विध्रुवीय विकार (बायपोलर) हा त्याला अपवाद होता आणि लेखकांची स्थिती मात्र खरोखरच वेगळी, अधिक चिंताजनक दिसली. त्याहून विचार करायला लावणारी बाब म्हणजे स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा मनोविकार) किंवा द्विध्रुवीय विकार असलेल्यांचे निरोगी नातलग सर्जनशील व्यवसायांत अपेक्षेपेक्षा जास्त होते. म्हणजे वेगळ्या प्रकारे विचार करण्याची जी घडण आनुवंशिकतेने येत असावी, तिचा सौम्य अंश उपकारक ठरत असावा. पूर्ण आजार मात्र कामाच्या आड येतो.

मग यातना आणि निर्मिती यांचा संबंधच नाही का? आहे, पण तो नाजूक आहे. मोडुपे अकिनोला आणि वेंडी बेरी मेंडिस या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात सहभागींना परीक्षकांसमोर भाषण करायला लावले. काहींपुढे परीक्षक प्रसन्नपणे माना डोलावत होते, तर काहींपुढे कपाळाला आठ्या घालून बसले होते. त्यानंतर प्रत्येकाने एक कोलाज, म्हणजे तुकडे जोडून केलेले चित्र, तयार केले आणि कलावंतांनी त्यांना गुण दिले. नकार सोसलेल्यांची कोलाज अधिक कल्पक ठरली. मनःस्थिती सावरण्याशी ज्याचा संबंध जोडला जातो त्या डीएचईए-एस या संप्रेरकाचे प्रमाण ज्यांच्यात मुळातच कमी होते, त्यांच्यात हा परिणाम सर्वाधिक दिसला. ज्याला लागते, त्याच्याच हातून काही वेगळे घडते. फॅशन शोची रचना याहून फार निराळी नाही: कापून जोडलेले तुकडे, समोर परीक्षक आणि काही मिनिटांत ठरणारा निकाल.

फरक इतकाच की, प्रयोग एकदाच होतो. जिव्हान्शीकडे असताना मॅक्वीन यांना तिथली हॉट कूट्यूरची (ग्राहकाच्या मापाने हाताने शिवलेल्या उंची पोशाखांची) दोन आणि तयार कपड्यांची दोन, शिवाय स्वतःच्या नावाची दोन, अशी वर्षाला किमान सहा कलेक्शन द्यावी लागत. ताण आला की मेंदूच्या आदेशावरून मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. संकट टळले की तेच कॉर्टिसॉल मेंदूला ‘आता पुरे’ असा निरोप देते आणि पातळी उतरते. ताण महिनोन्महिने टिकला, तर हा लगाम सैल पडू शकतो, झोप बिघडते आणि नैराश्याचा धोका वाढतो. जिवलगाचा मृत्यू हाही मोठा धोक्याचा काळ असतो. मॅक्वीन यांच्या बाबतीत २००७ साली इझाबेला ब्लो यांनीही जीवन संपवले होते आणि त्यानंतर तीन वर्षांच्या आत आई गेली. आत्महत्येला कोणतेही एकच कारण नसते, म्हणून सारा दोष वेळापत्रकावर टाकणे चुकीचे होईल. पण ‘शाप’ म्हणून वेळापत्रकाला निर्दोष सोडणेही माझ्या मते तितकेच सोयीस्कर आहे.

पॅरिसला हे नवे नव्हते. १९५७ साली ख्रिस्तियन दिओर यांच्या निधनानंतर अवघ्या एकविसाव्या वर्षी इव्ह सँ लोराँ यांच्यावर त्या फॅशनगृहाचा भार पडला. १९६० साली सक्तीच्या लष्करभरतीनंतर ते मनाने कोसळले आणि व्हाल-द-ग्रास या लष्करी रुग्णालयात त्यांना उपचार म्हणून विजेचे झटके देण्यात आले. ते त्यातून बाहेर आले, पुढे चाळीस वर्षे कामही केले. पण नैराश्य आणि व्यसने यांच्याशी त्यांचा झगडा दीर्घकाळ चालला.

मॅक्वीन यांच्या हातून अपुरे राहिलेले कलेक्शन मार्च २०१० मध्ये पॅरिसमध्ये मोजक्या निमंत्रितांना दाखवण्यात आले. ते सोळा पोशाख होते. मे महिन्यात त्यांच्या सहकारी सारा बर्टन यांची त्यांच्या जागी नेमणूक झाली आणि ऑक्टोबरमध्ये पुढच्या हंगामाचा शो पार पडला.