दाढीला फुटलेलं शिंग

‘थॉर्नबर्ड’ हे आयरिस पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, या फुलाला काहीतरी झालंय. आयरिसच्या तीन पाकळ्या वर उभ्या असतात, तीन खाली लोंबतात आणि बागांमधल्या उंच जातींत लोंबत्या पाकळीवर सुरवंटासारखी केसाळ दाढी असते. थॉर्नबर्डची सोनेरी दाढी पाकळीवर टेकलेली राहत नाही. तिचं टोक सुटतं, वर उठतं आणि त्याचं गर्द जांभळं शिंग होतं. पाकळ्यांचा रंगही मातकट, हिरवटसर. 1997 साली याच फुलाला अमेरिकेत डाइक्स मेडल मिळालं. आयरिसच्या दुनियेत याहून मोठा मान नाही. त्याआधीची चाळीसेक वर्षं मात्र अशा फुलांकडे बरेच जाणकार विकृती म्हणूनच पाहत होते.

या उंच आयरिसांची गोष्ट सुरू होते केंब्रिजला. मायकेल फॉस्टर तिथे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते आणि मन सगळं आयरिसमध्ये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्वेकडे काम करणारे मिशनरी आणि ओळखीपाळखीचे लोक त्यांच्याकडे तुर्कस्तान, सायप्रस भागातले कंद पाठवत. युरोपच्या बागांतली आयरिस लहान चणीची होती. ही नवी झाडं उंच आणि टपोऱ्या फुलांची. यांच्या पेशींत 24 ऐवजी 48 गुणसूत्रं आहेत, हे पुढे कळलं. आपल्या काश्मीरचाही यात वाटा आहे. तिथे कबरींवर लावतात ते पांढरं आयरिस फॉस्टर यांनी संकरासाठी वापरलं आणि त्यांच्या एका वाणाचं नावच ‘काश्मीर व्हाइट’ पडलं. 1907 मध्ये ते गेले. त्यांची बरीचशी रोपं बाजारात आली ती त्यानंतरच.

ही उंची फुकट मिळाली नव्हती. उबदार मुलखातून आलेली झाडं थंडीत नीट झोपत नाहीत. हिवाळा सरायच्या आधीच वाढीला लागतात आणि उशिराचं हिम पडलं की आतली कळी करपते. कॅलिफोर्नियात हे संकट नव्हतं, म्हणून तिथे ही झाडं रमली. विल्यम मोहर यांनी तिथेच उत्तम संकर केले. 1923 मध्ये ते अपघातात गेल्यावर त्यांची रोपं सिडनी मिचेल या ग्रंथपालांनी पुढे नेली. त्यातलं ‘सॅन फ्रान्सिस्को’ 1927 मध्ये अमेरिकेतलं पहिलं डाइक्स मेडल घेऊन गेलं. इकडे नेब्रास्कात सॅस बंधू हे शेतकरी कडाक्याच्या थंडीत तगणारी रोपं निवडत होते. माझ्या मते त्यांचं ऋण पुरेसं मानलं जात नाही. कॅलिफोर्नियाचं देखणेपण आणि नेब्रास्काचा चिवटपणा एकत्र आला, तेव्हा कुठे उंच आयरिस सगळीकडे फुलू लागलं.

दाढीच्या टोकाला काहीतरी फुटलेली रोपं वाफ्यात अधूनमधून निघत. बागवाले ती उपटून टाकत. लॉइड ऑस्टिन यांनी ती ठेवली. हा माणूस मुळात झाडांचा पैदासकार. 1925 मध्ये कॅलिफोर्नियातल्या प्लेसरव्हिल इथे पाइनच्या संकरासाठी निघालेल्या केंद्राचे ते पहिले प्रमुख होते. वेगळं दिसणारं रोप फेकायचं नसतं, त्याचं बी धरायचं असतं, ही सवय तिथलीच असावी असं मला वाटतं. 1954 मध्ये त्यांनी ‘युनिकॉर्न’ बाजारात आणलं. मग शिंगाच्या जोडीला चमच्यासारखं रुंद टोक आलं, झालर आली, आणि या सगळ्या गोतावळ्याला त्यांनी नाव दिलं ‘स्पेस एज’.

काम किती चिकाटीचं आहे ते जवळून पाहावं. फूल उमलताना चिमट्याने परागकोश उचलायचा, दुसऱ्या फुलात पराग धरणाऱ्या इवल्याशा ओठासारख्या भागावर ते घासायचे, दोरा बांधून चिठ्ठी लावायची. शेंग पिकायला दोनेक महिने, आणि बी पेरल्यापासून फूल दिसायला दोन-तीन वर्षं. शिंगवाल्याचा साध्याशी संकर केला तर पहिल्या पिढीत शिंग बरेचदा दबून राहतं. त्यात हवामानाची लहर. तेच झाड एका वसंतात टोकदार शिंग दाखवतं, तर नवं लावलेलं असलं किंवा हवा मानवली नाही की नुसती दाढी. म्हणून पैदासकार एका बहरावर निकाल देत नाहीत. एका जागी नावाजलेलं वाण दुसरीकडच्या हवेतही तपासलं जातं.

1980 च्या सुमारास मॅनली ऑस्बॉर्न यांचं ‘स्काय हुक्स’ आलं आणि पुढच्यांच्या हाती दमदार झाड लागलं. कॅलिफोर्नियाच्या माँटी बायर्स यांनी शिंगांबरोबरच वर्षातून पुन्हा फुलण्याचा गुणही धरला. थॉर्नबर्ड त्यांचंच. 1998 चं मेडल मिळवणारं ‘कॉन्ज्युरेशन’ त्यांचं आणि 2002 चं, पांढऱ्या झालरीचं ‘मेस्मराइझर’ही त्यांचंच. यातलं एकही मेडल जाहीर झालं तेव्हा बायर्स हयात नव्हते.