ई-रीडर व टॅबलेट : दस्तऐवज-वाचनातील तुलना

ई-रीडर व टॅबलेट : पीडीएफ, ई-पब अशा डिजिटल स्वरूपातील पुस्तके व कागदपत्रे वाचण्याची, हातात धरायची दोन साधने. ई-रीडर हे मुख्यतः वाचनासाठीच घडवलेले, इलेक्ट्रॉनिक कागदाचा पडदा असलेले यंत्र. टॅबलेट हा एलसीडी किंवा ओलेड पडद्याचा सर्वकामी संगणक. बोलण्यात पहिल्याला सरसकट ‘किंडल’ आणि दुसऱ्याला ‘टॅब’ म्हणतात. दोहोंची तुलना बहुधा डोळ्यांवरील ताण आणि बॅटरी या मुद्द्यांवर होते. कोल्हापुरातील मराठी वाचकापुढे येणाऱ्या कागदपत्रांच्या बाबतीत मात्र पानाचा आकार आणि मजकूर कोणत्या फाँटात साठवला आहे, या दोन गोष्टी जास्त निर्णायक ठरतात.

उगम : ई-रीडरचा जनक कोण, याबाबत एकमत नाही. स्पेनमधील शिक्षिका आंखेला रुईस रोब्लेस यांनी १९४९ मध्ये पेटंट घेतलेल्या यांत्रिक विश्वकोशाला काही लेखक हा मान देतात. पण त्यात इलेक्ट्रॉनिक पडदा नव्हता, त्यामुळे त्याला पूर्वसूरी म्हणणेच अधिक योग्य दिसते. १९९८ मध्ये बाजारात आलेली रॉकेट ईबुक व सॉफ्टबुक ही यंत्रे खऱ्या अर्थाने ई-रीडर होती, मात्र त्यांचे पडदे एलसीडीचेच होते. पडदा हा निकष धरला तर प्रश्न इलेक्ट्रॉनिक कागदाच्या उगमाचा होतो, आणि तेथेही दोन धागे आहेत. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात निक शेरिडन यांनी १९७० च्या दशकात ‘जायरिकॉन’ तयार केला. त्यात अर्धे काळे, अर्धे पांढरे सूक्ष्म मणी विद्युत्‌क्षेत्रात फिरत. साधारण त्याच काळात जपानमधील मात्सुशिता कंपनीत इसाओ ओटा व सहकाऱ्यांनी रंगीत द्रवात तरंगणारे विद्युत्‌भारित कण पुढे-मागे सरकवून चित्र उमटवण्याची पद्धत मांडली. त्यांचा शोधनिबंध १९७३ चा आहे. लोकप्रिय लेखनात शेरिडन यांचे नाव जास्त आढळते. आजच्या पडद्यांचे तत्त्व मात्र मणी फिरवण्याचे नसून कण सरकवण्याचे आहे, म्हणून त्यांचा वारसा ओटांच्या बाजूने लावणे सयुक्तिक वाटते. ओटांच्या पद्धतीतील अडचण अशी, की कण एकमेकांना चिकटत, तळाशी बसत किंवा बाजूला वाहून जात आणि चित्र काही काळाने बिघडे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मीडिया लॅबमध्ये जोसेफ जेकबसन, बॅरेट कॉमिस्की, जे. डी. अल्बर्ट प्रभृतींनी हे कण सूक्ष्म कुप्यांत बंद करून हा प्रश्न सोडवला. ई-इंक ही कंपनी १९९७ मध्ये निघाली आणि या कुप्यांवरील निबंध १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये आला.

या पडद्याचा पहिला विक्रीयोग्य ई-रीडर म्हणजे सोनीचा लिब्रिए (जपान, २००४). किंडल नोव्हेंबर २००७ मध्ये, तर आयपॅड एप्रिल २०१० मध्ये आला. किंडलवर मराठी पुस्तके अधिकृतपणे २०१६ च्या अखेरीस मिळू लागली.

पडद्याचे कार्य : सूक्ष्म कुपीत पांढरे व काळे कण विरुद्ध विद्युत्‌भाराचे असतात. मागील इलेक्ट्रोडचा ध्रुव बदलला की एक जात वर येते आणि दुसरी खाली जाते. एकदा वर आलेले कण वीज बंद केली तरी तेथेच राहतात. म्हणून पान बदलतानाच वीज खर्च होते. बॅटरी ‘काही आठवडे’ पुरते असे जे सांगितले जाते, ते बहुधा रोज अर्धा तास वाचन आणि वाय-फाय बंद, या हिशेबाने असते. दिवसातून चार तास वाचणाऱ्याने त्यातून त्या प्रमाणात वजावट करावी. टॅबलेट साधारण दहा तास चालतो.

कणांना जागा बदलायला वेळ लागतो. राखाडीच्या १६ छटांसह पूर्ण पान उमटायला सुमारे अर्धा सेकंद लागतो. केवळ काळ्या-पांढऱ्यात ते काम याच्या चौथाई वेळात होते, पण मग आधीच्या अक्षरांची पुसट सावली मागे राहते. ती घालवण्यासाठी पडदा मधूनमधून काळा होऊन लखलखतो. हा बिघाड नव्हे. मात्र याच कारणाने ई-रीडरवर पीडीएफ बोटाने सरकवत वाचणे त्रासाचे होते; तेथे पान उलटत वाचावे, सरकवत नव्हे.

उजेडाचे गणित उलट्या दिशेने जाते. इलेक्ट्रॉनिक कागद स्वतः प्रकाश देत नाही. पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४० ते ४५ टक्के परत फेकतो. रंकाळ्याच्या काठी झाडाच्या सावलीत १०,००० लक्स उजेड असेल तर त्या पानाची उजळता सुमारे १,४०० निट होते (लक्स हे पडणाऱ्या उजेडाचे, निट हे पृष्ठभागाच्या उजळतेचे एकक). नेहमीचा टॅबलेट पूर्ण प्रकाशावर ठेवला तरी ५०० निटच्या आसपास थांबतो, शिवाय काचेत आभाळ दिसते ते वेगळेच. उलट ३०० लक्सच्या खोलीत ई-रीडरचे पान ४५ निटच्याही खाली येते. अलीकडच्या यंत्रांना कडेचे दिवे दिले जातात ते यासाठी.

पानाचा आकार : ई-पबमधील मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे वाहतो, त्यामुळे कादंबरी सहा इंचांवर सुखाने वाचता येते. पीडीएफचे पान मात्र छापील पानासारखे गोठलेले असते. ए-फोर पान २१० × २९७ मिमी. असते, आणि सहा इंची पडदा सुमारे ९१ × १२२ मिमी. पूर्ण पान बसवले तर ते ४१ टक्क्यांवर येते. १२ पॉइंटाचे अक्षर ५ पॉइंटाहून लहान होते. इंग्रजी मजकूर अशा आकारात डोळे ताणून का होईना वाचता येतो. देवनागरीत रफार, अनुस्वार आणि उकार शिरोरेषेच्या वर-खाली जात असल्याने ते आधी नाहीसे होतात. ‘खर्च’ आणि ‘खच’ यांतला फरक अंदाजाने ओळखावा लागतो.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, समास कापणे : चारही बाजूंना २५ मिमी. समास असेल तर मजकुराची रुंदी १६० मिमी. उरते. यंत्र आडवे धरल्यास ती १२२ मिमी.त बसते आणि १२ पॉइंटाचे अक्षर ९ पॉइंटाचे दिसते. एक पान दोन-तीन टप्प्यांत वाचावे लागते एवढेच. दुसरा, मोठा पडदा : १०.३ इंची ई-रीडर सुमारे १५७ × २१० मिमी. असतो. आडवा धरला की त्याची लांबी ए-फोरच्या रुंदीइतकीच भरते, म्हणजे कागदपत्र मूळ मापात, अर्धे-अर्धे पान दिसते. उभा धरला तर पान ७० टक्क्यांवर बसते.

टॅबलेट घेताना इंचांवर भिस्त ठेवू नये. सोळास दहा प्रमाणाचा ११ इंची टॅबलेट जेमतेम १४८ मिमी. रुंद असतो, त्यावर उभे ए-फोर पान ७० टक्क्यांवरच येते, म्हणजे १०.३ इंची ई-रीडरइतकेच. वरच्या-खालच्या पट्ट्या मोकळ्या राहतात. चारास तीन प्रमाणाचा पडदा कागदपत्रांना अधिक मानवतो. वजनाचाही विचार लागतो : २०२२ चे साधे किंडल १५८ ग्रॅम, १०.२ इंची किंडल स्क्राइब ४३३ ग्रॅम आणि दहाव्या पिढीचा आयपॅड ४७७ ग्रॅम. मोठ्या आकारात ई-रीडरचे हलकेपण बहुतांशी संपते.

देवनागरी व फाँट : मराठी पीडीएफ यंत्रात टाकल्यावर अक्षरांऐवजी रोमन चिन्हांचा काला दिसला, तर दोष सहसा यंत्राचा नसतो. युनिकोड या, प्रत्येक लिपीतील अक्षरांना ठरावीक संकेत देणाऱ्या प्रमाणातील देवनागरीचा संच १९९१ पासूनचा असला, तरी छापखाने, डीटीपी केंद्रे व कार्यालये त्यानंतर बराच काळ श्रीलिपी, डीव्हीबी-टीटी मालिका, कृतिदेव अशा फाँटांत काम करत राहिली. काही ठिकाणी अजूनही करतात. या फाँटांत अक्षराचा आकार देवनागरी असतो, पण त्यामागे साठवलेला संकेत रोमन अक्षराचा असतो. फाँट पीडीएफमध्ये अंतर्भूत असेल तोवर पान नीट दिसते. ‘रिफ्लो’ची (गोठलेला मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे वाहता करण्याची) सोय चालू केली, मजकूर ई-पबमध्ये बदलला किंवा किंडलकडे रूपांतरासाठी पाठवला, की आकार गळून पडतो आणि संकेत उघडा पडतो. अशा फाइलीत शोध चालत नाही, शब्दकोश उघडत नाही, खूण केलेले वाक्य टिपणांत निरर्थक उतरते. चाचणी सोपी आहे : संगणकावर एक ओळ निवडून नोटपॅडमध्ये चिकटवावी.

युनिकोड फाँटातील पीडीएफही पूर्ण निर्धोक नसते. पीडीएफमध्ये आकार ज्या क्रमाने मांडले त्या क्रमाने साठतात, त्यामुळे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार भलतीकडे जाण्याचे प्रकार रिफ्लोत होतात. जुन्या ई-रीडरांत जोडाक्षरे जुळवण्याची यंत्रणाच नव्हती. तेथे ‘कोल्हापूर’मधील ‘ल्हा’ सुटून मध्ये पायमोडके चिन्ह दिसे. आता मुख्य यंत्रांत ही अडचण राहिलेली नाही. कोरीडर हे ई-रीडरवर चालणारे मुक्त वाचन-सॉफ्टवेअरही जोडाक्षरे बरोबर जुळवते.

खास मराठी अडचण म्हणजे ‘करणाऱ्या’, ‘तुऱ्या’ यांतील अर्धा र. तो दोन प्रकारे साठवता येतो : नुक्त्याच्या र ला पाय मोडून, किंवा साध्या र ला पाय मोडून पुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. दिसायला दोन्ही सारखे. शोधाच्या लेखी बहुधा वेगळे. शोधात शब्द सापडला नाही म्हणून तो दस्तऐवजात नाही असे धरू नये. ‘करणा’ एवढेच टाकून पाहावे.

स्कॅन केलेली पुस्तके : १८८६ च्या कोल्हापूर गॅझेटियरसारखे जुने ग्रंथ स्कॅन-स्वरूपात मिळतात. ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केलेले ए-फोर पान म्हणजे २४८० × ३५०८, सुमारे ८७ लाख पिक्सेल. सहा इंची पडद्यावर त्यातले दाखवायचे असतात साडेपंधरा लाख. उरलेले सगळे उलगडून फेकून देण्याचे काम ई-रीडरचा अशक्त प्रोसेसर करतो आणि पान उलटायला कित्येक सेकंद घेतो. रंगीत, जेपेग २००० पद्धतीने दाबलेल्या फाइलीत यंत्र गोठल्यासारखे वाटते.

उपाय संगणकावर करावा. आधी स्कॅनटेलरसारख्या साधनाने जोडपाने तोडून, तिरकी पाने सरळ करून समास कापावेत. निव्वळ मजकुराची पाने काळ्या-पांढऱ्या दोन छटांत, चित्रांची राखाडी छटांत ठेवावीत. पिवळट कागदाचा रंग उडवताना उंबरठा (कोणत्या छटेपासून पुढे काळे धरायचे ती मर्यादा) फार चढवला तर अनुस्वार पुसले जातात. आधी पाच-सहा पानांवर करून पाहावे. शेवटी टेसरॅक्ट या अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरची मराठी विदा वापरून अक्षर-ओळखीचा थर चढवावा. हा थर पूर्ण बरोबर नसतो, पण शोधापुरता उपयोगी पडतो. मोडी कागदांना हे लागू नाही : तेथे शाईची फिकट-गडद छटा आणि कागदाचा रंग वाचनास मदत करतात, आणि दोन बोटांनी वारंवार मोठे करून पाहावे लागते. त्यासाठी टॅबलेटच हवा.

कोल्हापुरातील दस्तऐवज : मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाल्यावर शहरात पीडीएफ स्वरूपातील जाड संचिका वाचण्याची गरज वाढली. येथे रिफ्लो मुळीच वापरू नये, कारण युक्तिवादात संदर्भ पानाच्या क्रमांकाने दिला जातो आणि रिफ्लोत तो हरवतो. संचिकेचा छापील क्रमांक व पीडीएफचा क्रमांक यांत मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिकेमुळे फरक पडतो. बुकमार्क घालून ठेवणे बरे. चारशेव्या पानावरून बाराव्यावर आणि परत, अशी ये-जा टॅबलेटवर झटकन होते. सावकाश पूर्ववाचन मोठ्या ई-रीडरवर आणि सुनावणी टॅबलेटवर, अशी विभागणी सोयीची ठरते.

शिवाजी विद्यापीठाचे (स्थापना १९६२) प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर प्रकरणवार, सुट्या फाइलींत मिळतात. यंत्रात टाकण्यापूर्वी ते जोडून घ्यावेत. जुन्यांत स्कॅन आणि मराठी प्रबंधांत जुने फाँट, दोन्ही अडचणी भेटतात. बालभारतीची पाठ्यपुस्तके रंगीत असल्याने टॅबलेटला योग्य. रंगीत ई-रीडर निघाले आहेत, पण त्यांतील कॅलिडो-३ या रंगीत इलेक्ट्रॉनिक कागदावर काळी अक्षरे ३०० पीपीआयने (दर इंचाला ३०० पिक्सेल) आणि रंग त्याच्या निम्म्या घनतेने उमटतात. नकाशातील बारीक रंगछटा त्यात मिसळून जातात. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा दोन्हींवर दिसतो. ई-रीडर स्वाक्षरीचे केवळ चित्र दाखवतो. ती वैध आहे का, हे संगणकावरच तपासावे.

डोळ्यांवरील परिणाम : २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सीगेनथालर व सहकाऱ्यांच्या अभ्यासात इलेक्ट्रॉनिक कागद व एलसीडी या दोन पडद्यांत थकव्याचा फारसा फरक आढळला नाही, बेनेदेत्तो प्रभृतींच्या २०१३ च्या अभ्यासात एलसीडीवर थकवा अधिक आढळला. झोपेवरील परिणामासाठी चँग व सहकाऱ्यांचा २०१४ च्या अखेरचा निबंध सर्रास उद्धृत होतो. त्यात बाराच व्यक्ती होत्या, आयपॅड पूर्ण प्रकाशावर होता आणि तुलना छापील पुस्तकाशी होती. तो ई-रीडरच्या बाजूचा थेट पुरावा नव्हे. अक्षराचा आकार आणि खोलीतील उजेड यांचा परिणाम पडद्याच्या जातीपेक्षा कमी नसावा.

निगा : ई-रीडरच्या पडद्यामागे बहुधा पातळ काच असते. दप्तरात डब्याचा किंवा वहीच्या कडेचा दाब बसला की बाहेरून ओरखडाही न पडता आत तडा जातो आणि पानाचा काही भाग कायमचा गोठतो. टॅबलेटची फुटलेली काच मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बदलून मिळू शकते. ई-रीडरचा पडदा बदलण्याचा खर्च बहुधा यंत्राच्या किमतीच्या जवळ जातो, म्हणून कडक पाठीचे कव्हर पहिल्या दिवशीच घालावे. आयपीएक्स-८ या जलरोधक दर्जाचे यंत्र गोड्या पाण्यात तग धरते, तरी कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टमधील पावसात चार्जिंगचे तोंड ओले असताना केबल जोडू नये. बराच काळ न वापरता ठेवायचे झाल्यास बॅटरी निम्मी भरून ठेवावी. पूर्ण उतरलेली बॅटरी महिनोन्‌महिने तशीच राहिली तर पुन्हा चार्ज घेईलच याची खात्री नसते.