हात गार, रक्त मात्र भरपूर

एखाद्या तरुणीचे हात गार लागले की आजूबाजूचे लोक निदान करून मोकळे होतात: "अंगात रक्तच नाही तुझ्या." कधीकधी ते खरंही असतं. ॲनिमिया किंवा थायरॉइडची कमतरता असली तर थंडी जास्त वाजते, तेव्हा तपासणी करून घ्यावीच. पण हिमोग्लोबिन उत्तम असूनही पावलं गारठलेली, असं पुष्कळ जणींचं असतं. रक्त भरपूर आहे, ते बोटांपर्यंत जाऊ दिलं जात नाही, इतकंच.

ही अडवणूक मोठी गमतीची आहे. रोहिणीतलं रक्त केशवाहिन्यांतून नीलेत जातं, हे शाळेत शिकलोच. तळहात, तळपाय, बोटं, नाक आणि कान यांच्या त्वचेत मात्र केशवाहिन्यांना टाळून रोहिणीतून थेट नीलेत जाणाऱ्या आडवाटाही असतात. त्यांचं मुख्य काम उष्णता त्वचेपाशी आणून सोडणं. शरीराचा गाभा ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राखायचा म्हणून मेंदूतला हायपोथॅलॅमस अनुकंपी (आपल्या इच्छेविना काम करणाऱ्या) चेतातंतूंना इशारा देतो, ते नॉरॲड्रेनलिन हे रसायन सोडतात आणि आडवाटा आवळल्या जातात. त्यातच त्वचा गार झाली की वाहिन्यांच्या स्नायूपेशींच्या आत दडलेले, नॉरॲड्रेनलिनचा संदेश पकडणारे 'अल्फा-२सी' नावाचे ग्राही रेणू पृष्ठभागावर येतात. मग तेवढ्याच नॉरॲड्रेनलिनने वाहिनी आणखी घट्ट मिटते. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे हे ग्राही जास्त तयार होतात, असं पेशींवरच्या प्रयोगांत दिसलंय. शिवाय बोटं हलवणारे स्नायू बोटांत नसतातच, ते तळहातात आणि कोपराखाली असतात. म्हणजे बोटांची ऊब सगळी उसनी, रक्ताने आणलेली.

चालण्याचा उपयोग इथे होतो. स्नायू खर्च करतात त्या ऊर्जेचा साधारण पाऊण हिस्सा उष्णता होऊन बाहेर पडतो. सुरुवातीची काही मिनिटं बोटं उलट जास्तच गार पडू शकतात, कारण रक्त पायांच्या स्नायूंकडे वळवलेलं असतं. गाभा तापू लागला की हायपोथॅलॅमस पकड सोडतो. रोज चालणाऱ्यांत आणखी एक बदल हळूहळू होतो: वाढलेल्या प्रवाहाच्या घर्षणामुळे वाहिन्यांचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड जास्त बनवू लागतं, आणि हा वायू वाहिन्या सैलावतो. ही उष्णता देणारे स्नायूच वाढवायचे असतील तर मात्र नुसतं चालणं पुरत नाही. बैठका, वजनं हवीत.

'रक्ताभिसरण सुधारणारे' चुंबकी मोजे घेऊ नयेत. हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यातल्या लोखंडासारखं चुंबकाकडे धावत नाही.

थंडीत बोटं ठळक सीमारेषेसह पांढरीफटक, मग निळी पडत असतील, तर तो रेनॉचा विकार असू शकतो. तिथे चालण्याआधी डॉक्टर.