होडीचे लाकूड (कोकण)

कोकण किनाऱ्यावर मचवा, गलबत किंवा लहान होडी बांधण्याआधी झाड हेरणे, ते तोडणे आणि लाकूड सुकवणे ही कामे येतात. साग, ऐन, किंजळ, फणस, आंबा, उंडी, बाभूळ ही त्यातली मुख्य झाडे.

पहिला मान सागाचा. गाभ्यातल्या तेलामुळे तो खाऱ्या पाण्यात टिकतो, ऊनपावसात फारसा आक्रसत नाही आणि त्यात ठोकलेला लोखंडी खिळा लवकर गंजत नाही. ऐन जड नि चिवट. आंब्याचा ओंडका कोरून लहान होड्या होत. तो सागाइतका टिकत नाही, पण परसात मिळतो.

खरी पारख लागते वांकांसाठी, म्हणजे होडीच्या बरगड्यांसाठी. सरळ फळीतून वाकडा तुकडा कापला की लाकडाचे तंतू आडवे तुटतात आणि लाटेचा मार बसला की भेग तिथूनच जाते. म्हणून सुतार वाढतानाच वळलेले झाड शोधतो: वाऱ्याने कललेली उंडी, नाहीतर बाभळीला फांदी फुटते तो सांधा. तिथे तंतू वळणासोबतच वळलेले असतात. वाकस या हत्याराने तासताना तेवढे वळण राखायचे. तोडीपूर्वी कुऱ्हाडीच्या पाठीने खोड ठोकून बघतात. बद्द आवाज आला तर आत ढोली असण्याची शंका.

तोड पावसाळा सरल्यावर. अमावास्येच्या सुमारास तोडलेल्या लाकडाला कीड लागत नाही, असा जुना समज आहे. ओंडके सावलीत सुकवतात, कडक उन्हात ते तडकतात.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठेशाहीतल्या राजनीतीवरच्या ग्रंथात (1715 च्या सुमारास), आरमाराच्या लाकडाविषयी स्पष्ट ताकीद आहे. साग वगैरे अरण्यातून हुजूरच्या परवानगीने तोडावा, कमी पडल्यास परमुलखातून विकत आणावा. आंबे-फणसांना मात्र हात लावू नये, कारण रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे जीर्ण झाड घ्यायचेच तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. वृक्षतोडीबद्दल इतका समंजस राजकीय मजकूर विरळाच.

आता खासगी जमिनीतला साग, ऐन किंवा फणस तोडण्यावरही 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याचे नियंत्रण आहे. त्यातच सागाचे भाव चढले, आणि लहान मासेमारीत फायबरच्या होड्यांनी लाकडी होड्यांची जागा बरीचशी घेतली.