मलेरियाची गोळी देण्याआधीचे प्रश्न

मुंबईहून कामासाठी नायजेरिया, घाना, युगांडाला जाणाऱ्यांची पिवळ्या तापाची लस सहसा चुकत नाही, कारण तिचं कार्ड तपासलं जातं. मलेरियाच्या गोळ्या घेतल्या का, हे मात्र विमानतळावर कुणी विचारत नाही. त्यातून ‘मलेरिया आम्हाला नवा नाही’ हा आपला मुंबईकर विश्वास. पण मुंबईत बराचसा मलेरिया व्हायवॅक्स जातीचा, तर तिकडे प्रामुख्याने फाल्सिपॅरम. तो मेंदूपर्यंत, मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो आणि ताप आल्यावर एक-दोन दिवसांतही जीव घेऊ शकतो. लहानपणी इथे येऊन गेलेला हिवताप त्यापासून वाचवत नाही.

ब्रिटनमध्ये २०१७ पासून अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही प्रतिबंधक गोळी प्रौढांना चिठ्ठीशिवाय मिळते. तरी मागितली आणि दिली असं तिथे होत नाही. फार्मासिस्ट आधी प्रश्न विचारतो आणि उत्तरं पटली नाहीत तर डॉक्टरकडे पाठवतो. आपल्याकडे अशी औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची असतात. मात्र ते प्रश्न परळ-दादरच्या काउंटरवरही तितकेच गरजेचे आहेत.

मुंबईत त्यातला सगळ्यात मोलाचा प्रश्न टीबीचा. टीबीवरचं रिफाम्पिसिन (त्याने लघवी नारिंगी होते) चालू असेल तर शरीरातलं अॅटोव्हाक्वोन जवळपास निम्म्यावर येतं. माणूस रोज गोळी घेतो आणि तरीही उघडाच राहतो. नुसतं ‘दुसरं काही औषध चालू आहे का?’ विचारलं तर टीबीचं नाव अनेकजण चारचौघांत घेत नाहीत. म्हणून ‘लघवी नारिंगी होते अशी काही गोळी चालू आहे का?’ असं बाजूला घेऊन, हळू आवाजात विचारावं. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइडही हाच घोळ करतं. रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन घेणाऱ्यांना रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. गरोदर वा अंगावर पाजणारी बाई, किडनीचा गंभीर आजार, ४० किलोपेक्षा कमी वजन, यांपैकी काही असेल तर काउंटरवर निर्णय घेऊच नये.

दुसरी गोष्ट हिशेबाची. दहा दिवसांच्या दौऱ्याला अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिलच्या दहा गोळ्या पुरत नाहीत. निघण्याआधी दोन दिवस, तिथले दहा आणि परतल्यावर सात, अशा एकोणीस लागतात. शेवटचे सात दिवस लोक हमखास सोडतात, कारण डास तर मागे राहिले! पण डास चावल्यावर परजीवी तासाभरात यकृतात शिरतो आणि साधारण आठवडाभर तिथेच वाढतो. लेगॉसमध्ये शेवटच्या रात्री चावलेल्या डासाचे परजीवी तुम्ही अंधेरीच्या घरी पोहोचता तेव्हा यकृतात असतात. ही गोळी त्यांना तिथेच गाठते, म्हणून सात दिवस पुरतात. डॉक्सिसायक्लिन या दुसऱ्या प्रतिबंधक गोळीचा भर रक्तात उतरलेल्या परजीवींवर असतो, म्हणून ते परतल्यावर चार आठवडे घ्यावं लागतं. शिवाय त्याने कातडी उन्हात लवकर भाजते. आठवड्याला एकदा घ्यायचं मेफ्लोक्विन हे तिसरं औषध सोयीचं वाटतं, पण नैराश्य किंवा फिट्स येऊन गेल्या असतील तर ते नको.

अॅटोव्हाक्वोन स्निग्ध पदार्थांबरोबरच नीट शोषलं जातं. त्यामुळे रोज ठरल्या वेळी, जेवणानंतर किंवा दुधासोबत गोळी घ्यावी. उपाशीपोटी कोऱ्या चहाबरोबर नको. तासाभरात उलटी झाली तर पुन्हा एक घ्यायची.

कुठलीच गोळी शंभर टक्के राखण करत नाही. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत मच्छरदाणी, अंगभर कपडे आणि डासांचं मलम हवंच. यकृतात महिनोन्‌महिने दडून राहणाऱ्या व्हायवॅक्सला तर या गोळ्या अडवत नाहीत. म्हणून परतल्यावर वर्षभरात कधीही ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासावं. पावसाळ्यात मुंबईतल्या दवाखान्यात तापाचे पेशंट ढिगाने असतात आणि डॉक्टर आधी डेंग्यूचाच विचार करतील. तेव्हा त्यांनी विचारायची वाट न बघता, ‘मी आफ्रिकेहून आलोय’ हे पहिल्याच वाक्यात सांगावं, गोळ्यांचा कोर्स पूर्ण केलेला असला तरीही.